वेगाचा वर्ग

न्हावा शेवा येथे १९८९ साली बंदर सुरू झाले आणि मिठागरांच्या व होड्यांच्या ह्या किनाऱ्यावर क्रेनचे राज्य आले. त्या क्रेनच्या देखभालीत हयात घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या धर्मग्रामात आहेत. एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी आमच्या हाती एक वही ठेवली. म्हणाले, "फादर, इंजिनिअर लोक हसतात. तुम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलात. तुम्ही तरी नीट वाचा." वहीत इंधनाविना अखंड फिरणाऱ्या चाकाचे गणित होते. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा त्या चाकात घालण्याचा त्यांचा मानस होता, आणि त्यावरून घरात अबोला धरला गेला होता.

अशा माणसाला वेड्यात काढणे सोपे असते. परंतु साक्षात भास्कराचार्यांनीही ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पारा भरलेल्या आऱ्यांचे, आपोआप फिरणारे चाक वर्णिले आहे. मोह जुना आहे आणि थोरांनाही तो सुटलेला नाही.

वहीतील सारा डोलारा एका सूत्रावर उभा होता : गतीचे बळ म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. हे तर देकार्तचेच मत! १६८६ साली लायब्निझने त्यावर आक्षेप घेतला. त्याचा युक्तिवाद आम्ही आकडे घालून त्या गृहस्थांपुढे मांडला. ४ किलोचे वजन सेकंदाला १ मीटर वेगाने वर फेकले, तर ते सुमारे ५ सेंटीमीटर चढते. १ किलोचे वजन ४ मीटर वेगाने फेकले, तर सुमारे ८० सेंटीमीटर चढते. वहीच्या हिशेबी दोन्ही बळे सारखी. प्रत्यक्षात दुसऱ्याचे काम चौपट. म्हणजे जड चाकाकडून हलक्या चाकाकडे जाताना दिसणारा नफा सूत्रातून आलेला होता, चाकातून नव्हे. पुढे हॉलंडमध्ये स्ग्रावेसांडे ह्यांनी मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट पडे. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ती अशी.

"म्हणजे आमच्यासारख्यांनी विचारच करू नये?" त्यांनी विचारले.

आम्ही त्यांना रॉबर्ट मायरची हकिकत सांगितली. हा जहाजावरचा डॉक्टर १८४० साली जाव्याला गेला. तेथे खलाशांचे रक्त अधिक लाल दिसले, त्यावरून तो उष्णता आणि काम ह्यांच्या नात्याकडे वळला. १८४१ साली पाठविलेला त्याचा पहिला लेख छापला गेला नाही. त्यातही वेगाच्या वर्गाऐवजी नुसता वेगच होता. तो रुसून बसला नाही. त्याने गणित शिकून घेतले आणि १८४२ साली सुधारलेला लेख प्रसिद्ध केला. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या सिद्धान्ताशी आज त्याचे नाव जोडलेले आहे. पदवीने सूत्र खरे ठरत नाही आणि पदवी नसल्याने खोटेही ठरत नाही. निवाडा माती करते.

निधीला हात लावण्याआधी सायकलच्या जुन्या चाकावर प्रयोग करावा, एवढे त्यांनी मान्य केले. सूत्र चुकले हे अद्याप त्यांच्या तोंडून आलेले नाही. आम्हीही घाई करीत नाही. माणसाचा मान राखावा, पण त्यासाठी त्याच्या चुकीच्या बेरजेपुढे मान डोलावू नये. घरच्या भाकरीचा प्रश्न असतो, तेव्हा तर मुळीच नाही.