वापरलेली मोटार

विमा कंपन्यांचे एक कोष्टक असते. मोटारीला सहा महिने झाले की विम्यासाठी तिची किंमत शेकडा १५ ने कमी धरायची, दोन वर्षे उलटली की ३० ने, आणि चार वर्षे उलटली की थेट निम्म्यावर आणायची. बाजारात अगदी हेच भाव चालतात असे नाही. पण हे कोष्टक हाती आले त्या दिवशी मराठीच्या या प्राध्यापकाला गणित प्रथमच रसाळ वाटले. सात लाखांच्या मोटारीवर दोन लाख दहा हजार रुपये! एवढे पैसे लोक नवेपणाच्या वासासाठी मोजतात, आणि तो वास वर्ध्याच्या उन्हाळ्यात एक मे महिनाही टिकायचा नाही.

मोटार आम्हाला मिरवायला नको होती. आईचे गुडघे गेलेले, आणि सेवाग्रामच्या इस्पितळात तिला वरचेवर न्यावे लागे. ऑटोरिक्षात चढताना ती तोंडाने काही बोलत नसे, पण माझ्या मनगटावर तिची बोटे उमटत. दुसरीकडे मुलगी बारावीत. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी जमवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे सौभाग्यवतीने आधीच बजावून ठेवले होते.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि घरात वादाला तोंड फुटले. आमच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, “आता नवीच घ्या.” त्यावर सौ.चे उत्तर असे, की नव्याचा भाव उतरला म्हणजे जुन्याचाही उतरणारच; तेव्हा आता जुनीच घ्या. अर्थशास्त्र कोणाचे पक्के, हे मी त्या प्राध्यापकांना अजून सांगितलेले नाही.

खरा विरोध आईचा. “दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं घरात आणायचं?” असे ती म्हणाली. हे म्हणताना तिच्या मांडीवर गोधडी होती. तीन जुन्या लुगड्यांची, स्वतःच टाके घातलेली. मी गोधडीकडे बोट दाखवले. ती शांतपणे म्हणाली, “ही लुगडी माझी आहेत रे. कोणतं कुठे फाटलं ते मला ठाऊक आहे.”

या वाक्यापुढे माझे कोष्टक फिके पडले. वस्तू जुनी असण्याचे भय नसते, अनोळखी असण्याचे असते. जुनी पुस्तके मी जन्मभर घेत आलो, तेव्हा पहिल्या मालकाच्या समासातल्या खुणा मला कधी खुपल्या नाहीत. पण पुस्तकाचे ब्रेक निकामी होत नाहीत!

आज वापरलेल्या मोटारीला नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही. परवान्यांच्या जमान्यात अँबॅसडर किंवा फियाट हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्याची गाडी नुकतीच हाती आली असेल तो ती कारखान्याच्या भावाहून जास्त घेऊन विकू शके. स्कूटरचेही तेच. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्याची स्कूटर, पण वर्धेकरांनाही रांगेतच उभे राहावे लागले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे रांगा आटल्या, आणि ‘जुनी’ हा शब्द हलका झाला.

असो. नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांची मोटार विकाऊ असल्याचे कळले. अडीच वर्षांची, जेमतेम नऊ हजार किलोमीटर चाललेली. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला. त्याने बॉनेट उघडले, तेलाची कांडी पाहिली, खाली वाकून पत्रा ठोकला, चारी टायरांची झीज हाताने चाचपली आणि म्हणाला, “सर, गाडी बेस आहे. आता मालकाले पाहून घ्या.”

मालकांनी कागद क्रमाने लावून ठेवले होते. आर.सी.वर बँकेचा बोजा नाही, फॉर्म २९ आणि ३० भरून तयार, पी.यू.सी. चालू. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या, हेही त्यांनीच बजावले. मग डॅशबोर्डच्या खणातून एक वही काढून माझ्या हाती दिली. प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर, पेट्रोल, टायरांची हवा.

परीक्षेचे पेपर तपासून तपासून मला अक्षर वाचायची खोड लागली आहे. पहिल्या पानांवर अक्षर मुंगीएवढे होते. रामटेक, अमरावती, एकदा पचमढी. मग ते हळूहळू मोठे होत गेले. गावे जवळची झाली. ‘रात्री नको’ असे एका ठिकाणी लिहिलेले. शेवटच्या पानावर एका ओळीला दोन ओळींची जागा लागली होती, आणि फेरी फक्त कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंतची.

“काचबिंदू,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी किल्ली ठेवायला सांगितली.”

माझ्याने घासाघीस होईना. सौ.ने मात्र केली; जी.एस.टी.चा दाखला देऊन वीस हजार कमी करून घेतले. ते हसून ‘बरं’ म्हणाले. परतताना ती बुटीबोरीपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “मुलीचे पैसे आहेत, अहो.” मी काही म्हटलेच नव्हते.

आईने वही मांडीवर घेऊन पान न् पान उलटले. गाडीबद्दल एक अक्षर विचारले नाही. “त्यांचं औषध आता कोण आणतं?” एवढेच विचारले, आणि मला फोन लावायला लावला.

पलीकडून आवाज आला, “हवा तेहतीस ठेवता ना?”