मारणारा परका असला की सहली निघतात

जालियनवाला बागेत सेल्फी काढणाऱ्या पोरांवर रागावण्यात अर्थ नाही, असे माझे मत तिथे जाऊन आल्यावर झाले. 13 एप्रिल 1919 रोजी डायर ज्या अरुंद बोळातून सैनिक घेऊन शिरला, त्याच्या भिंतींवर 2021च्या नूतनीकरणात शिल्पे बसवली आहेत. लोकांनी जीव वाचवायला ज्या विहिरीत उड्या घेतल्या, तिला काच लावली आहे. लाइट अँड साउंड शोचीही सोय केली. जागाच फोटोसाठी सजवली तर माणूस फोटोच काढणार.

माझा प्रश्न वेगळा आहे. सुमारे दहा मिनिटांत 1,650 फैरी, सरकारी आकडा 379 मृत. डायरचे नाव शाळकरी पोरांना पाठ असते आणि ते घेतल्याने कुणाच्याच पोटात दुखत नाही. डायर परका होता, आणि गेला.

आता तमिळनाडूतले कीळवेण्मणी घ्या. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले हे गाव. 25 डिसेंबर 1968च्या रात्री, शेतमजुरांनी मजुरीत थोडे जास्त भात मागितले आणि लाल झेंडा सोडला नाही म्हणून, जमीनदारांच्या माणसांनी दलित वस्तीवर हल्ला केला. एका झोपडीत लपलेले 44 जण जिवंत जाळले. बहुतेक बाया, पोरे आणि म्हातारी माणसे. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण मद्रास हायकोर्टाने जमीनदारांना सोडले. एवढे श्रीमंत, मोटारवाले लोक स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील, हे कोर्टाला पटले नाही! आपण 25 डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन पाळतो. 1927 साली महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत ग्रंथ जळला, 41 वर्षांनी त्याच तारखेला माणसे जळाली. आपल्यातल्या किती जणांना ही दुसरी आग माहीत आहे?

तिथे स्मारक आहे, दरवर्षी त्या दिवशी लोक जमतातही. पण देशभरातल्या शाळांच्या सहली तिकडे वळत नाहीत. कशा वळतील? एखाद्या पोराने "गुरुजी, कुणी जाळलं?" असे विचारले, तर उत्तर जातीपर्यंत जाणार, आणि त्या जातीव्यवस्थेचे लाभार्थी बसमध्येच बसलेले असणार.

हे बोलताना आपण स्वतःला वगळू नये. अत्याचाराच्या गावी आपणही जातो. जावेच लागते, नाहीतर एफआयआरमध्ये अॅट्रॉसिटीचे कलमसुद्धा लागत नाही. पण मराठवाड्यातल्या एका गावात मी पाहिले, पहिले पंधरा दिवस वस्तीत गाड्या मावत नव्हत्या. ज्या माउलीचा पोरगा मारला होता, तिला प्रत्येक नवा पाहुणा म्हणायचा, "मावशी, जरा पहिल्यापासून सांगा." ती सांगायची. कुणीतरी मोबाइल धरलेला असायचा. पुढे साक्षीची तारीख लागली, तेव्हा जिल्हा कोर्टाच्या पायरीवर ती, तिचा दीर आणि आम्ही दोघे कार्यकर्ते, एवढेच होतो. तिने मला विचारले, "ते फोटो काढणारे सायेब आज न्हाई का येनार, दादा?"

त्यानंतर आम्ही आमच्यापुरती एक वही केली. घरच्यांशी एकच जण बोलेल, बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकायचे. वस्तीत येणाऱ्याने वहीत नाव आणि फोन नंबर लिहायचा. कोर्टाची तारीख लागली की त्या नंबरवर फोन जातो. काही पुढारी वही पाहून गाडीतूनच परत फिरतात. फिरू देत.