दुखत नाही म्हणून

सुट्टीत दुबलगुंडीला गेले, तेव्हा मावशीने दार लावून घेतलं. "एकीकडचं बोंड आत ओढल्यागत झालंय गं. दुखत नाही, म्हणून बोलले नाही कुणाला." चार महिने ती मेडिकलमधला मलम लावत होती!

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण 'स्तन' हा शब्द डॉक्टरांसमोर माझ्याही तोंडून निघेना.

त्यांनी समजावलं : दुखत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. नवीन गाठ, काखेतली गाठ, नव्याने आत वळलेलं स्तनाग्र, न दाबता एकाच बाजूने येणारं रक्त किंवा पाणी, बरा न होणारा चट्टा, कातडीवर पडलेली खळी... यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासणीने ठरतं, मलमाने नाही.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांकडून नुसत्या हातांनी तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

५ फेब्रुवारीला संत आगाथाचा सण. स्तनांच्या आजारात बायका तिचा धावा करतात. मावशीनेही केला, आणि मग आम्ही कलबुर्गीची बस धरली.

रिपोर्ट यायचाय. आई मात्र आता फोनवर विचारते, "तू स्वतःचं बघितलंस का गं?"