ठिपक्यांची मोजदाद

आकड्यापुढे मान तुकविण्याची सवय आपणां सर्वांस असते. दागिन्याचे वजन, ग्रंथाची पाने, परीक्षेचे गुण, काहीही असो. आकडा मोठा दिसला की वस्तूही मोठी, असे मन परस्पर ठरवून मोकळे होते. आम्हीही ह्या मोहातून सुटलो नव्हतो. सुटलो ते आमच्या वडिलांमुळे आणि एका हत्तीमुळे.

हा हत्ती रत्नागिरी तालुक्यातील उक्षीच्या सड्यावर, जांभ्या कातळात कोरलेला आहे. कोकणच्या सड्यांवर अशी शेकडो चित्रे पसरलेली आहेत. त्यांतील नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतली गेली, आणि उक्षी हे त्यांपैकी एक. अप्पांचे आजोळ त्याच बाजूचे. लहानपणी गुरांमागे सड्यावर जावे आणि कातळावरच्या रेघांवरून धावावे, हा त्यांचा खेळ. त्या रेघांचा मिळून एक हत्ती होतो, हे त्यांस पुष्कळ वर्षांनी वर्तमानपत्रात वाचून कळले. तोवर गुडघे गेले होते. आता वय ८६, आणि दृष्टीही अधू.

"अरे, रेघ न् रेघ माझ्या पायांखालून गेली," ते एके दिवशी म्हणाले, "पण हत्ती म्हणून तो मी पाहिलाच नाही. एकदा मोठा करून ह्या भिंतीवर लाव."

भिंतीचे माप घेतले. छत्तीस इंच रुंद व चोवीस इंच उंच एवढे चित्र मावेल असे दिसले. एका स्नेह्याकडून आम्ही त्यांचा जुना निकॉन डी-७०० मागून आणला. हा कॅमेरा २००८ सालचा. त्याच्या चित्रात ठिपके अवघे एक कोटी एकवीस लाख. पुतण्याने तो पाहिला मात्र, आणि त्यास हसू आवरेना. "काका, हा संग्रहालयात द्या. ह्यात बारा मेगापिक्सेल, माझ्या मोबाईलात पन्नास!" त्याचे म्हणणे आम्हांस बिनतोड वाटले. तरी एकाच तिपाईवर, एकामागून एक, दोहोंनी चित्र घ्यावे असे ठरले.

ह्या रेघा उथळ. भर दुपारी त्या दिसेनाशा होतात. सूर्य कलला, उजेड तिरपा पडू लागला, की खाचांत सावली भरते आणि हत्ती उठून दिसतो. म्हणजे चित्र घ्यावयाचे ते उजेड ओसरत असताना. इथेच सारी मेख आहे.

प्रिंट आले तेव्हा हिशेबाने मोबाईलचीच सरशी व्हावयास हवी होती. त्याच्या चित्रात इंचाला सव्वादोनशेच्या वर ठिपके पडत होते, जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात जेमतेम एकशे अठरा. दहा पावलांवरून दोन्ही हत्ती सारखेच डौलदार दिसले. जवळ गेल्यावर मात्र मोबाईलच्या चित्रातला कातळ कोणी नुकताच शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत दिसे. जांभ्याची भोके बुजली होती, रेघेचा काठ आणि तळ एक झाले होते. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात भोक न् भोक जागच्या जागी होते.

असे का व्हावे, ह्याचा उलगडा आम्हांस अंगणातल्या पावसाने झाला. उजेड हाही थेंबाथेंबानेच पडतो. पावसाची नुसती भुरभुर चालू असता अंगणात एका रांगेत घंगाळे व दुसऱ्या रांगेत वाट्या मांडून ठेवाव्या. शेजारशेजारच्या घंगाळांत पाणी जवळजवळ सारखे जमते. वाट्यांचे तसे नव्हे. एकीत दोन थेंब, तर दुसरीत सात. हा विषमपणाच चित्रात कणीदार खडबड होऊन उमटतो. मुसळधार पाऊस लागला म्हणजे वाट्याही भरतात. म्हणूनच भर उन्हात मोबाईलचे चित्र सुरेख येते.

त्या जुन्या कॅमेऱ्यातील उजेड झेलणारी पट्टी, जिला सेन्सर म्हणतात, ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद. लायका कॅमेऱ्याने १९२५ पासून रूढ केलेल्या फिल्मच्या चौकटीचेच हे माप. मोबाईलची पट्टी सुमारे आठ मिलिमीटर लांब व सहा रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने सतराव्या हिश्श्याची. आणि तिच्यावर चौपट ठिपके दाटीने बसविलेले. एकेका ठिपक्याच्या वाट्यास आलेली जागा मोजली, तर जुन्या कॅमेऱ्याचे घंगाळ मोबाईलच्या वाटीच्या सत्तरपट भरते. वाट्यांतला विषमपणा झाकण्यासाठी मोबाईल शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. तेच ते सारवण! शिवाय छत्तीस इंच भरण्यासाठी मोठ्या पट्टीवरील प्रतिमा पंचवीसपट वाढवावी लागते, लहान पट्टीवरील शंभरपटींहून अधिक. भिंगाची लहानशी उणीवही तितक्याच पटींनी वाढते.

तथापि ठिपक्यांची संख्या अगदीच निरर्थक, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सहा इंच बाय चार इंचांचे आल्बमातले चित्र इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापावयाचे, तर साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. तेथे मोबाईल व कॅमेरा दोघेही पास. चित्राची लांबीरुंदी दुप्पट करावयाची तर ठिपके मात्र चौपट लागतात. आमच्या प्रिंटला नाक लावले असता त्यातही ठिपक्यांची तूट जाणवे. त्याच मापाच्या पट्टीवर साडेचार कोटी ठिपके असलेले कॅमेरे आता मिळतात; त्यांपैकी एखादा हाती असता तर हीही तक्रार उरली नसती. आधी पट्टी मोठी असावी, मग ठिपके वाढवावे. हा क्रम उलटला की आकडा तेवढा वाढतो.

अप्पांस आम्ही ह्यातले काहीच सांगितले नाही. दोन्ही प्रिंट भिंतीशी टेकवून त्यांची खुर्ची समोर ठेवली. लांबून त्यांनी दोन्ही हत्ती सावकाश पाहिले. "असा आहे होय!" एवढेच म्हणाले. मग खुर्ची पुढे घेण्यास सांगितले. मोबाईलच्या चित्रावर त्यांचे बोट थोडा वेळ फिरले आणि मागे आले. "हत्ती तोच, पण हा आमचा सडा नव्हे."

दुसऱ्या चित्रावर बोट पुढच्या पायाच्या रेघेवरून खाली उतरत गेले आणि एका खळग्याशी थांबले.

"इथं आमच्या गोट्या अडकायच्या," अप्पा म्हणाले.

पुतण्या उठला आणि हातोडी-खिळे शोधू लागला.