गोणीवरचं नाव

दिवाळी उलटली की बीडच्या बाजूचे आठवडी बाजार ओसरतात. गावोगावच्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांना गेलेल्या असतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली लेकरं आणि त्यांच्यापुरतं पावशेर-अर्धा किलो घेणारी गिऱ्हाइकं. अशाच एका विरळ बाजारात भाजीवाल्या मावशीनं मला विचारलं, "कशाला घ्यायलाव बाई, रस्स्याला का वड्याला?"

तिच्यापुढे बटाट्यांचे दोन ढीग होते. एका ढिगातल्या बटाट्यांची साल नखानं सुटत होती, अंगाला ओली माती होती. दुसऱ्यातले धुतल्यासारखे गुळगुळीत, डोळे जरासे फुगलेले. भाव दोन्हींचा एकच. मी रस्स्याला म्हणाले. तिनं मातीच्या ढिगातले निवडून तागडीत टाकले. म्हणाली, "स्टोअरचा नेला तर कालवणात इरघळून जाईल." स्टोअरचा म्हणजे शीतगृहातला.

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आमच्या भागात नाव न विचारता ज्वारी कुणी घेत नाही. मालदांडी आहे का, कुठल्या रानातली, कोरडवाहू का पाण्यावरची, हे विचारल्याशिवाय पोत्यात हात जात नाही. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बटाटा मात्र नुसता बटाटा. फार तर व्यापारी सांगतो, आग्र्याचा आहे, इंदुरी आहे, तळेगावचा आहे. म्हणजे गाव सांगतो, नाव सांगत नाही.

त्याचं कारणही आहे. बटाटा हे बीडचं पीक नाही. कंद धरायला त्याला रात्री गार लागतात, साधारण वीस अंशांच्या खालच्या. आपल्याकडे तसे दिवस थोडे आणि त्या दिवसांत विहिरीत जे पाणी असतं ते ज्वारी-हरभऱ्याला पुरलं तरी खूप. पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर, खेड-मंचरकडे पावसाळ्यात बटाटा होतो. आपल्याकडे येतो तो ट्रकमधून, गोणीत. गोणीवर व्यापाऱ्याची खूण असते, वाणाचं नाव नसतं.

नावं आहेत, आणि चांगली आहेत. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये शिमल्याला गेली. मैदानात बटाट्याला सहसा फूल धरत नाही. डोंगरातल्या लांब दिवसांत धरतं, आणि फुलाशिवाय संकर करता येत नाही. म्हणून तो शिमल्याजवळच्या कुफरीला करतात आणि तिथून निघालेल्या वाणांच्या नावाआधी त्या गावाचं नाव लागतं. कुफरी सिंदुरी, कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज, कुफरी चिप्सोना. यात एक आहे 'कुफरी लवकर'. दख्खनच्या पठारासाठी काढलेला, लवकर निघणारा. साल 1972. त्या साली आमच्याकडे माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती, आणि शिमल्यातली माणसं आपल्या पठारासाठी एका बटाट्याला मराठी नाव देत होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुखराज आणि चिप्सोना एकाच पातेल्यात घालून बघावेत. पुखराजात पाणी जास्त, पिठूळपणा कमी. त्याची फोड शिजली तरी कडा धरून राहते. चिप्सोनात कोरडा अंश वीस टक्क्यांच्या वर, म्हणून तो तळायला चांगला आणि रस्स्यात मात्र टिकत नाही. आतली गोष्ट अशी की बटाट्याच्या प्रत्येक पेशीत पिठाचे कण भरलेले असतात आणि पेशी एकमेकींना पेक्टिननं धरलेल्या असतात, दगडी भिंतीतले दगड चुन्यानं धरलेले असतात तशा. साठ-पासष्ट अंशांपुढे कण पाणी पिऊन फुगतात, पेक्टिन सैल पडतं. पीठ जास्त असेल तर पेशी सुट्या होतात आणि फोड ढासळते. घरी ओळखायचं असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवावं. पिठूळ बटाटा तळाशी बसतो, पाणीदार तरंगतो.

पेक्टिनला आंबट सोसत नाही, म्हणजे आंबटात ते सुटायचंच नाकारतं. चिंचेचा कोळ आधी पडला की फोडी तासभर उकळल्या तरी मधे कचवट राहतात. माझी आजी आमटीत चिंच शेवटी घालायची आणि मधे कुणी घाई केली तर हात धरायची. असल्या कच्च्या फोडीनंच पोट दुखतं. न शिजलेल्या पिठाच्या कणांवर आपल्या पाचकरसांचं फारसं चालत नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. मग पोट फुगतं आणि नाव बटाट्याचं.

उपासाचंही तसंच. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे मोठे उपास येतात तेव्हा बाजारातला बहुतेक बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला आणि शीतगृहात महिनोन् महिने ठेवलेला असतो. तीन-चार अंशांच्या गारठ्यात बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणून नवरात्रातला कीस तुपात पडल्या पडल्या तांबूस होतो आणि जिभेला गोडसर लागतो. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या जत्रेच्या दिवसांत मात्र नवा बटाटा आलेला असतो. तेव्हाचा कीस पांढराशुभ्र, वर जिऱ्याचे काळे ठिपके. मला विचाराल तर किसाचा खरा उपास तोच. स्टोअरचा बटाटा आणून आठ-पंधरा दिवस घरात, उजेडापासून लांब, उघड्या टोपलीत ठेवला तर बरीचशी साखर परत पीठ होते. एवढी कळ उपासाच्या आदल्या दिवशी बाजारात जाणाऱ्याला नसते.

माझं लहानपण अर्धं धारूरच्या बाजूला डोंगरातल्या गावात गेलं आणि अर्धं कारखान्याच्या तळावर. दसरा झाला की टोळीचा मुकादम यायचा, उचल म्हणजे आगाऊ पैसे दिलेले असायचे, ट्रकमध्ये चूल-भांडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळी आणि आम्ही. तिकडे नदीकाठच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहायच्या. बांबूच्या कामट्या, वर चटई, कडेनं पाचट. दारातून वाकून आत जायचं. चूल बाहेर, तीन दगडांची.

तिथं कोरड्यासाला बटाटाच. पालेभाजी दुसऱ्या दिवशी सुकते, वांगं चार दिवसांनी मऊ पडतं, आणि बाजार आठवड्यातून एकदा. बाजाराला पैसे यायचे ते वाढ्यांचे. ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा, तेच वाढं, ते जनावरांसाठी गवळी घ्यायचे. मोळ्या बांधून झाल्या की माय वाढ्यांच्या पेंढ्या वेगळ्या करायची. मुकादमाची खर्ची धान्य-तेलात जायची, वाढ्यांतून बटाटे, कांदे, मिरची. बटाटे कोपीच्या कोपऱ्यात पाचटाखाली अंधारात ठेवायची. उजेड लागला की हिरवे होतात, कडू होतात, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हिरवा भाग ती खोल कापून टाकायची, कोंबही मुळासकट.

ती उठायची तेव्हा शुक्राची चांदणी असायची. आधी भाजी, मग भाकरी. पाचट भडकन पेटतं आणि तितक्याच लवकर बसतं. त्यावर बटाटा शिजवणं म्हणजे सारखं पुढ्यात बसून राहणं, आणि ते काम माझं. झोपेतच मी एकेक मूठ पाचट सारायचे. माय सालीसकट फोडी करायची. गावाकडे बोअरच्या पाण्यात ती बारीक चिरायची, तळावर मोठ्या. गावाकडचं पाणी जड, डाळ त्यात शिजता शिजत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, हे मी फार पुढे वाचलं. तिकडे पाणी पाटाचं. "हितलं पाणी गोडंय, लगेच गाळ होतो," असं म्हणून तिनं चिरणंच बदललं होतं. तेलात लसूण, काळं तिखट, फोडी, मीठ. वर परात झाकायची आणि परातीत पाणी ओतायचं, म्हणजे खाली वाफ धरते आणि फोड करपत नाही. शेवटी शेंगदाण्याचं कूट. मग भाकरीच्या चळतीत भाजी ठेवून फडक्यात गाठ.

ते फडकं फडात सुटायचं थेट दुपारी. तोवर फोडी गार, घट्ट झालेल्या. सकाळी हाताला लागली तर चिकटणारी फोड आता दातांखाली तुटायची, मीठ आणि लसूण वर आलेले असायचे. मला ती गार भाजी चुलीवरच्या गरम भाजीपेक्षा जास्त आवडायची. अजूनही आवडते. माझे वडील, आबा, भाकरीच्या पापुद्र्यात दोन फोडी दाबून उभ्या उभ्या खायचे, कारण गाडी भरायची असायची. माय शेवटी बसायची आणि पाणी घोटभर प्यायची. फडात आडोसा नसतो. दिवसभर पाणी कमी प्यायचं, ही तिथल्या बायांची रीत. संध्याकाळी कोपीत आल्यावर तिचं पोट गच्च असायचं. ओवा चावत, कमरेला लुगड्याचा पीळ सैल करत ती म्हणायची, "बटाटा वातूळ. नको वाटायलाय मला." आणि दुसऱ्या दिवशी तोच.

बटाट्याला आपल्याकडे वातूळ म्हणतात. चरक-सुश्रुतांत तो असणं शक्यच नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलेला. तो वातूळ हे पुढच्या आज्या-पणज्यांनी आपल्या पोटांवरून ठरवलं, आणि त्यात तथ्य आहे. शिजलेला बटाटा गार झाला की फुगलेलं पीठ पुन्हा आवळून बसतं. त्यातला काही भाग मग लहान आतड्यात पचत नाही, पुढे जातो, जिवाणूंना मिळतो. वारा धरतो तो त्यानं. पण तेच जिवाणू त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लंही करतात, आणि त्या पिठाची साखर रक्तात हळू चढते. भाजी पुन्हा गरम केली तरी हा गुण पुरता जात नाही. हल्ली आहाराचं सांगणारे लोक बटाटा उकडून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून खा म्हणतात. फडातल्या दुपारी तो तसाच खाल्ला जात होता.

तरीही मायच्या पोटाचा दोष मी बटाट्यावर टाकणार नाही. पहाटेपासून वाकून कोयता चालवायचा, घोटभर पाण्यावर दिवस काढायचा, घाईनं गिळायचं, आणि रात्री सगळ्यांच्या मागून झोपायचं. यात कुठलं अन्न पचेल? कांद्यातसुद्धा वारा धरणारे घटक बटाट्यापेक्षा जास्त असतात. कांद्याला कुणी काही म्हणत नाही. ऊसतोडीच्या बायांच्या तब्येतीबद्दल लिहायला बसलं की माझा हात थरथरतो. फडाच्या कडेला चार कापडांचा आडोसा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी, एवढं उभं करायला किती खर्च येतो?

आता मायला साखर आहे. डॉक्टरांनी बटाटा जपून खा म्हणून सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "कोणता?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बसवून नीट समजावलं. गरम, कुस्करलेला, मऊ भात-बटाटा सगळ्यांत लवकर चढतो. नवा, घट्ट, सालीसकट, गार झालेला त्या मानानं हळू चढतो, पण चढतोच, म्हणून दोन फोडी, त्याही भाकरी कमी करून. ती मान हलवत ऐकत होती. घरी आल्यावर तिनं दोन फोडी म्हणजे केवढ्या, हे सुरीनं कापून मला दाखवलं.

मला वाटतं, गोणीवर वाणाचं नाव छापायला हवं. निघाला कधी, स्टोअरमध्ये किती होता, हेही. ज्वारीच्या बाबतीत हे सगळं तोंडी चालतं, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत होते. ज्याच्या रानातली ज्वारी घ्यायची, त्याच्या बांधावरून आपण गेलेलो असतो. मालदांडीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ, हे घरातलं लेकरू सांगतं. आणि हुरड्याची ज्वारी तर वेगळीच, गुळभेंडी. दाणा दुधाचा असताना कणीस आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं, फुंकून खायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा तोंडात गोड आणि पोटाला हलका लागतो, पण त्यावर पाणी लगेच पिऊ नये, ताक प्यावं, असं आमच्याकडे सांगतात. पौषातल्या थंडीत गावोगाव त्याच्या पार्ट्या होतात, पुण्या-मुंबईची माणसं गाड्या करून येतात. तो सगळा हंगाम आम्ही कारखान्यावर असायचो. आमच्याच रानात आजी-आजोबा हुरडा भाजायचे आणि आमच्यासाठी थोडा वाळवून ठेवायचे. तो ताजा, आगटीतून काढलेला, चटका बसणारा हुरडा मी पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा मला नोकरी लागलेली होती.