माघार घेणारी अक्षरं

युनिव्हर्सिटी हा शब्द मी वर्गात आधी बाकावर वाजवून घेतो. एका अवयवाला बोटाचा एक ठोका. यु-नि-व्हर-सि-टी, पाच ठोके. इथवर मुलं सहसा चुकत नाहीत. शब्द सुटा करणं आपल्या हाताला ठाऊक आहे. वृत्तांचे गण पाडताना लघु-गुरू मोजलेलेच असतात.

अडचण पुढे येते. तिसऱ्या अवयवावर आघात आहे म्हटलं, की मुलं ‘व्हर’ मोठ्यानं म्हणतात आणि उरलेले चारही तितकेच ठसठशीत ठेवतात. याचं मूळ मला आपल्या लिपीत दिसतं. देवनागरीत फोटोग्राफर लिहिलं, की फो, टो, ग्रा या प्रत्येकाला त्याचा पुरा स्वर मिळतो. इंग्रज मात्र दुसऱ्या अवयवावर उभा राहतो आणि बाकीचे स्वर पुसट ‘अ’वर आणून सोडतो: फटॉग्रफर. म्हणून मी जोर द्यायला नंतर शिकवतो, आधी सोडायला शिकवतो. मला स्वतःला हे फार उशिरा उमगलं. कितीतरी वर्षं मी ‘डेव्हलप’ म्हणत होतो, पहिल्या अवयवावर भार टाकून. तो शब्द डिव्हेलप आहे.

आणि हा भार जागा बदलतो. फोटोग्राफमध्ये तो पहिल्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आपला गुरू लिहिलेल्या अक्षरावरून ओळखता येतो. इंग्रजी स्पेलिंग तेवढं बोलकं नाही.

तरी लांब शब्दांची शेपटी बरंच सांगते. शेवटी शन, इक किंवा इटी आलं, की आघात बहुधा त्याच्या लगेच आधी: एक्झॅमिनेशनमध्ये ‘ने’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. अपवाद आहेतच; पॉलिटिक्समध्ये तो थेट पहिल्यावर जातो.

शंका आली की कोश. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश तर 1917 सालापासून आहे. पण तिथेही मुलं दोनदा फसतात. काही कोशांत मूळ शब्दातच ठिपके असतात. ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगतात, उच्चाराची फोड त्यांच्याशी जुळेलच असं नाही. उच्चार पाहायचा तो शेजारच्या लिप्यंतरात. आणि तिथली आघाताची वरची छोटी उभी रेघ मागच्या अवयवाची नसते, तिच्या पुढच्या अवयवाची असते.