हलव्याचा काटा आणि लेकीची बोली

संक्रांत पाच दिवसांवर आली होती आणि माझ्या परातीतल्या तिळांना काही केल्या काटा येत नव्हता. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी, सकाळी दहापर्यंत समोरच्या घराची भिंत दिसू नये असं धुकं. बेळगावच्या थंडीचं मला फार कौतुक होतं, इथं आल्यावर ते उतरलं. पण हलव्याला अशीच थंडी लागते. तरीही माझे तीळ गुळगुळीत, नुसते साखरेत घोळलेले! दोन वर्षांच्या लेकीचं बोरन्हाण आणि दागिने घरीच करीन असं मी सगळ्यांना सांगून बसलेली.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं लक्ष परातीत नव्हतंच. लेक बोलत नव्हती. दोन वर्षं पूर्ण झाली तरी चार-पाच शब्द, तेही मनात आलं तर. डिसेंबरात तिला खेळघरात घातलं, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात किती भाषा बोलता?" मी मोजून सांगितलं. सासरी मराठी, शेजारी हिंदी आणि माझी तिच्याशी अर्धी मराठी, अर्धी कन्नड. बाई म्हणाल्या, "मग मूल गोंधळणारच. एकच भाषा ठेवा, हिंदी ठेवा."

माझे बाबा बेळगावचे मराठी, अव्वा धारवाडची. आमच्या घरात भांडण मराठीत आणि लाड कन्नडमध्ये, अशी वाटणीच होती. लेकीला मांडीवर घेतलं की माझ्या तोंडून आपोआप अव्वाची भाषा यायची. ती मी बंद केली. 'बा' म्हणायच्या जागी 'आओ' म्हणू लागले. स्वतःचाच आवाज परका वाटायचा. हळूहळू मीच तिच्याशी कमी बोलू लागले, कारण प्रत्येक वाक्य आधी मनात तपासावं लागे.

अव्वाला फोनवर हे सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाली, "नन्न जोडी अकि याव भाषादाग माताडताळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अव्वाला हिंदी येत नाही.

आमचं घर लष्करात आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचंच पुढं शहर झालं, नावही लष्करच राहिलं. त्या काळापासून इथं मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी मुरलेली. माझ्या आजेसासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, सकाळी हाक मारतात, "धूप निघाली, पोरीला वर घेऊन जा." पहिल्या वर्षी मला हसू यायचं. आता मीही धूपच म्हणते.

त्या दिवशी माईंनी माझी परात पाहिली आणि स्वतःच पाट ओढून बसल्या. "पाक जास्त घालतेस आणि घाई करतेस," म्हणाल्या. मग सगळं पहिल्यापासून. एक वाटी साखर, बुडेल इतकं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची. पाक पातळच ठेवायचा, एकतारीच्या थोडा अलीकडे. मंद आचेवर परातीत मूठभर पांढरे तीळ, त्यावर छोटा चमचा पाक आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं. पाक सुकला, तीळ सुटे झाले की दुसरा चमचा. असे किती? मोजायचे नाहीत. एका बैठकीत होतही नाही, तीन-चार दिवस रोज थोडं थोडं करायचं.

फिरवता फिरवता मी त्यांना खेळघरातलं सांगितलं. माई परातीतून नजर न उचलता म्हणाल्या, "आम्ही किती पिढ्या इथं आहोत. पोरं शाळेत हिंदी शिकली, बाजारात हिंदी बोलली. घरातली मराठी कोणी शिकवली? कोणी नाही. आम्ही चुलीपाशी बोलत राहिलो, पोरं ऐकत राहिली. तू बोलणंच बंद केलंस तर ती ऐकेल काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत परातीपाशी. लेक हळूच मागून आली आणि परातीकडे हात नेला. विचार करायला वेळच नव्हता, तोंडातून निघून गेलं, "मुट्टब्याड! बिसि अद!" तिनं हात मागं घेतला. परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बिशी."

दीड महिन्यात मी तो शब्द उच्चारला नव्हता. तिनं तो जपून ठेवला होता. मी तिला जवळ घेऊन रडले. माईंना वाटलं हात भाजला.

यांचं मत मात्र वेगळं पडलं. "माईंचं खरं असलं तरी तपासून घेऊ," म्हणाले, आणि ते योग्यच होतं. मूल बोलत नसेल तर सगळ्यात आधी त्याला नीट ऐकू येतं का, हे पाहायला हवं. तपासणी झाली, कान उत्तम होते. वाचादोष तज्ज्ञ ताईंनी मला समजावलं की दोन-तीन भाषा ऐकल्यामुळे मुलं उशिरा बोलायला लागत नाहीत. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. आणि आईनं ज्या भाषेत सहज, भरभरून बोलता येतं, त्याच भाषेत बोलावं. काही महिने त्यांच्याकडे खेळत खेळत सरावही केला. ज्या घरात माझ्यासारखी काळजी असेल त्यांनी भाषा तोडू नये आणि तपासणीही टाळू नये.

तिसऱ्या दिवशी तिळाला काटा दिसू लागला. रात्री पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवून, काळ्या दोऱ्यात एकेक दाणा गुंतवत मुकुट, हार आणि बांगड्या केल्या. एक बांगडी वाकडी झाली, ती तशीच ठेवली.

अव्वा गोवा एक्स्प्रेसनं आली. बेळगावात बसून थेट ग्वाल्हेरला उतरता येतं, हे या गाडीचे उपकार. पिशवीत तिचे स्वतःचे कुसुरेळ्ळु. माईंनी हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपला हलवाच!" दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण पाकाची तार बोटांनी दाखवत दोघी तासभर बोलत होत्या. माईंनी तिला ग्वाल्हेरची गजक दिली. तीळ-गुळाच्या पाकाला लाकडी हातोड्यांनी कुटून केलेली, तोंडात टाकताच पापुद्रे सुटणारी.

बोरन्हाणाला बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे असं सगळं होतं. लहानग्यांच्या घशात अडकू नये म्हणून शेंगदाणे आणि कडक गोळ्या तेवढ्या वगळल्या. काळ्या झबल्यात, पांढरे दागिने घालून लेक पाटावर बसली. माई म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." अव्वा म्हणाली, "एळ्ळु बेल्ल तगोंडु ओळ्ळे माताडोण." मागून शेजारच्या भाभी हिंदीत काही म्हणाल्या. लेकीनं तिघींकडे पाहिलं आणि वाकडी बांगडी तोंडात घातली.

यंदा तिचं पाचवं, म्हणजे शेवटचं बोरन्हाण झालं. आता ती माझी हिंदी सुधारते, माईंशी मराठीत वाद घालते आणि फोनवर अव्वाला विचारते, "याग बर्ती?" अव्वा दर वेळी डोळे पुसते आणि गाडीचं तिकीट काढायला बाबांच्या मागं लागते.